आरशाची आलमारी

(आलापल्लीजवळचं जंगलातलं गाव. रविवार, सकाळचे साडेनऊ. ठमाबाईंच्या घरी प्रार्थनासभेची सतरंजी अंथरलेली आहे.)

सोमारी : पन ठमाबाई, मांगितलेली प्रार्थना वापस घेता येते का नाई, तेवढं सांगा ना!

ठमाबाई : येडी झाली का वं? प्रार्थना म्हनजे काय बाजारातली चप्पल होय, पायात नाई बसली म्हनून वापस कराले? बस आधी. पानी पे. पत्रू कुठी हाये?

सोमारी : त्याच्यासाठीच तं धावत आली! अंधारातच मोहफुलं वेचाले गेले. रोज आठ वाजता घरी येतेत. आज कुत्रा एकटाच आला. शेपूट पायात घालून चुलीमांगं जाऊन बसला.

ठमाबाई : कोन्या अंगाले गेला तो?

सोमारी : नाल्यापल्याड.

ठमाबाई : अरे देवा! परवाच तं वनरक्षक सांगून गेला, तिकडे पिल्लंवाली वाघीन हाये म्हनून!

सोमारी : मीच धाडलं, बाई. ते म्हनत होते, आज रविवार हाये, घरामांगच्या झाडाखाली वेचतो अन् सभेले बसतो. मीच म्हनलं, पल्याड सडा पडला हाये. देवानं आयकलं, अन् आपन टोपली घरी ठेवाची का?

ठमाबाई : काय आयकलं देवानं?

सोमारी : मागच्या रविवारी इथीच उभी राहून मांगितलं ना मी. मोहा भरपूर पडू दे, तो इकून आलमारी घेऊ दे, आलमारीची गरज हाये, उंदरं कपडे कुरतडून राह्यले. साऱ्यांनी आमेन म्हनलं.

ठमाबाई : मीबी म्हनलं.

सोमारी : उंदरं नाई बाई आमच्या घरी. एकबी नाई.

ठमाबाई : मंग?

सोमारी : घुग्घुसच्या बहिनीकडे आरशाची आलमारी पाह्यली. डोक्यापासून पायापरेंत पुरी मी दिसली त्याच्यात. जल्मात पयल्यांदा. सभेत आरसा मांगाची लाज वाटली, म्हनून उंदरं सांगितले. देवासमोर खोटं बोलली मी. आता त्यानं मोहा देल्ला अन् माहा मानूस...

ठमाबाई : चूप! देव काय दलाल होय, एक देऊन दुसरं उचलाले? प्रभूनं आजची भाकर मांगाले शिकवलं आपल्याले.

सोमारी : आपन तं भात खातो.

ठमाबाई : या वक्ताले बी तुई जीभ चालतेच! अवं, आरसा मांगनं पाप नाई. हौस होती तं हौस म्हनाची. लेकरू बापाले मांगते, बाप देते नाईतं नाई देत. तू हौसेले गरजेचं लुगडं नेसवलं, अन् मंग तुलेच ते खरं वाटलं. कोन हाये त्याच्यासंग?

सोमारी : कोनीच नाई. फोन लागत नाई. बाई, तुमीच हात जोडा. मले शब्द सुचून नाई राह्यले.

ठमाबाई : चालता चालताबी जोडता येतेत. तो तेलाचा डबा घे वाजवाले, आवाजानं वाघीन दूर जाते. शेजारच्या अंकुशले, दिनेशले हाक मार. ऊठ.

सोमारी : देवा, आलमारी नको. मोहा नको. छपराले भोक हाये, तेबी राहू दे. माह्या लेकीच्या, रंजीताच्या बापाले घरी आन. आन रे बापा...

पत्रू : डबा घेऊन कोनाच्या बापाले आनाले निघाल्या?

ठमाबाई : पत्रू! अरे, ये, आत ये! रगत कायचं हे?

पत्रू : काट्याचं. वाघीन नाल्यातच बसली होती पान्यात. दीड घंटा झाडावर होतो मी. कुत्रं नमकहराम, पयलेच पळालं. सोमारी, टोपली तिथीच राह्यली वं. काठोकाठ भरली होती. दुपारी चौघं जन जाऊन घेऊन येतो... काऊन रडून राह्यली?

ठमाबाई : रडू दे तिले. सभेचे लोकं येतीन आता. सोमारी, आज तुह्यासाठी काय मांगाचं, सांग.

सोमारी : काई नाई, बाई. ते दार तेवढं लावून घ्या, हे पुना टोपली आनाले निघतीन.