रोल न घातलेला कॅमेरा

काकू: हळू! ते झाकण ओढायचं नसतं. कडेची कळ दाबा, आपोआप उघडेल. दातांचे डॉक्टर ना तुम्ही, दिसेल ते उपटायची सवय दिसतेय.

डॉक्टर: पंधरा वर्षं लोकांच्या तोंडात डोकावतोय, काकू. म्हटलं, आता जरा दुसरं काही बघावं.

काकू: मग बघा की. असं वरून, मान खाली घालून, या काचेत. दिसतंय?

डॉक्टर: अरे वा... तुमची खिडकी काय सुंदर दिसते यात! पडदा हलतोय. बाहेरून कोणीतरी सायकलवर चाललंय, पण उलटीकडे.

काकू: डावं-उजवं उलटं दिसतं त्यात. पोस्टमन असेल. तो येतोय, तुम्हाला तो परत चालल्यासारखा दिसतोय.

डॉक्टर: धूळसुद्धा तरंगताना दिसतेय. एरवी लक्षच जात नाही.

काकू: माझ्या घरातली धूळ बघायला आलात का? विकत घेताय तर सामान बघून घ्या. चामड्याची पेटी, हिचा पट्टा मी नवा लावलाय. हा उजेड मोजायचा मीटर. हा पिवळा फिल्टर, ढग उठून दिसावेत म्हणून. आणि हा ट्रायपॉड. याचा एक पाय रुसतो, जरा गुडघ्याने दाबायचा.

डॉक्टर: कॅमेरा मात्र नव्यासारखा आहे. तुमचे यजमान तर फोटोग्राफर होते ना? वापरला तरी की नाही?

काकू: स्टुडिओतला वेगळा होता. हा घरचा. यात वर्षाला एखादा रोल गेला तर गेला.

डॉक्टर: आणि बाकीचे दिवस?

काकू: बाकीचे दिवस ते यात बघून बोलायचे.

डॉक्टर: कोणाशी?

काकू: माझ्याशी. हसू नका हो. फार बुजरे होते. गिऱ्हाइकांशी पोपटासारखे बोलतील, माझ्यासमोर तोंडाला कुलूप. काही अवघड सांगायचं असलं की मला त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचे, मान खाली घालायचे आणि काचेतल्या मला सांगायचे. लग्नाचंही तसंच विचारलं. नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला गेले होते मी. म्हणाले, 'हनुवटी जरा वर. माझ्याशी लग्न कराल का? हलू नका.'

डॉक्टर: हललात?

काकू: हलते कसली! फोटो बिघडला असता.

डॉक्टर: कमाल आहे!

काकू: भांडण झालं की दुसऱ्या दिवशी दुपारी कॅमेरा बाहेर. रोल नाही, काही नाही. मी मुकाट्याने जाऊन बसायची. 'चुकलो' म्हणायचे, खट् करायचे, की संपलं. मुलगी विचारते, आई, बाबा तुझे एवढे फोटो काढायचे, गेले कुठे सगळे?

डॉक्टर: आणि असा कॅमेरा विकायला काढलात? मला उचलवेल का आता?

काकू: उचला. मला तो डोळ्यांसमोर नको.

डॉक्टर: का, काकू?

काकू: शेवटच्या आठवड्यात त्यांनी तो मागितला. आवाज अगदी बारीक झाला होता. बोटांचा चौकोन करून दाखवला. घर माणसांनी भरलेलं, माझे केस विस्कटलेले, जागरणं झालेली. मी म्हटलं, 'आता कुठे फोटो काढत बसता? बरे व्हा, मग काढा.' फोटो! दुसरं कोणी म्हटलं असतं तर ठीक होतं. चाळीस वर्षं त्या काचेपुढे बसलेली मी म्हटलं, डॉक्टर. ते जरासे हसले आणि भिंतीकडे वळले.

डॉक्टर: दमला होतात तुम्ही.

काकू: दमले होते. पण त्यांचं सांगायचं राहूनच गेलं ना. दोन वर्षं झाली, कपाट उघडलं की तेच डोक्यात. काय असेल? काही मोठं असेल, नाहीतर नुसतं 'उशी सरळ कर' असेल. जीव जळतो हो माझा.

डॉक्टर: तुम्ही कधी बघितलंत यातून?

काकू: मी? छे! मी कायम समोरची.

डॉक्टर: मग मी न्यायच्या आधी एकदा बघा. हवं तर मी बसतो खुर्चीत.

काकू: नको, तुम्ही बाजूला सरा. खुर्ची दिसू दे.

(काकू कॅमेरा मांडीवर घेतात. मान खाली घालून काचेत उन्हातली खुर्ची बघतात.)

काकू: अगंबाई...

डॉक्टर: काय झालं?

काकू: किती जवळ दिसतं हो सगळं! मला वाटायचं, मान खाली घातली की हे माझ्यापासून लांब जातात. मी आपली तिकडे अवघडून बसलेली, आणि इथे त्यांच्या ओंजळीत होते की!

डॉक्टर: मी बाहेर थांबतो, काकू. तुम्ही बोला.

काकू: बसा इथेच, तुमची अडचण नाही. ...अहो, ऐकताय ना? तुम्ही मागितलात आणि मी दिला नाही. चुकलं माझं. काय सांगायचं होतं ते मला कळलं नाही. पण जे काही असेल, ते मला कबूल आहे.

डॉक्टर: काकू... ठेवा हा तुमच्याकडेच.

काकू: नाही, न्या. फक्त ऊन खुर्चीवरून उतरेपर्यंत थांबा.