विचारण्याआधी दाबलेला हो

वय ४१ वर्षे, धंदा नोकरी, कारखान्यात परवाना कारकून, राहणार कारखान्यामागील वसाहत, खोली अठरा. नाव ठाण्याच्या नोंदवहीत लिहून घेतले आहे.

मी आज सकाळी दहा वाजता आपणहून ठाण्यात येऊन सांगते की, माझ्या धाकट्या दिरांच्या मृत्यूबद्दल काल बॉयलरवाल्या मामांना येथे आणले आहे. त्यांची चूक नाही.

माझे काम असे. यंत्रावर किंवा टाकीत माणूस काम करत असला की त्याचा परवाना कॉम्प्युटरवर उघडा असतो आणि तिकडची वाफ बंद असते. काम संपल्यावर मी परवाना बंद करते. मग बॉयलरवर हिरवा दिवा लागतो आणि मामा वाफ सोडतात.

आमचा प्रोग्रॅम मुख्य कचेरीतल्या मशीनवर चालतो. ती कचेरी फार लांब आणि लाईन मंद. बटण दाबल्यावर पडद्यावर काही उमटायला सात-आठ सेकंद लागतात. म्हणून आम्ही त्याला आजोबा म्हणतो. आजोबांची वाट बघत बसले तर दिवस पुरायचा नाही. मी पाठ असलेली बटणे आधीच धडाधड दाबून हात मांडीवर ठेवते, पडदा मागून येतो. ही युक्ती माझी. खात्यात सगळ्यांना मीच शिकवली आणि मला तिचा तोरा होता. दीर तिथेच फिटर होते. ते चिडवायचे, "वहिनी, आजोबांनी विचारायच्या आत तुम्ही हो म्हणून मोकळ्या."

काल अकरा वाजता ते टाकीत उतरले. जाताना डबा माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "बाराला येतो. तोवर उघडू नका, मी ओळखून आहे तुम्हाला."

अकरा चाळीसला पंपाचे काम संपल्याचा फोन आला. यादीत पंपाचा परवाना तिसरा होता, टाकीचा चौथा. मी दोनदा खाली, मग एंटर, मग हो, अशी बटणे दाबली. तेवढ्यात दुसऱ्या खात्याने यादीतला पहिला परवाना बंद केला होता. यादी एक ओळ वर सरकली आणि तिसऱ्या जागी टाकी आली. माझ्यासमोरचा पडदा जुनाच होता. एरवी "बंद करायचा का?" एवढेच विचारतात. काल "आत माणूस आहे, तरी बंद करायचा का?" असे विचारले. ते मी वाचले तेव्हा माझा हो पोचला होता.

मी रद्दचे बटण दाबले. बॉयलरला फोन केला, पण तिथल्या आवाजात घंटा कोणाला ऐकू गेली नाही. मी धावत गेले. मामांनी हिरवा दिवा बघून वाफ सोडली होती. तेच त्यांचे काम आहे. दीर दुपारी तीन वाजता दवाखान्यात वारले. संध्याकाळी मी टेबलाशी परत आले, तर पडद्यावर "बंद परवाना रद्द होत नाही" असे अकरा वेळा आलेले होते. डबा तिथेच होता.

लाईन मंद असल्याचे साहेबांना तीनदा लिहून दिले होते, त्याच्या प्रती हजर करते. पण बोट माझे होते. मला अजून रडू आलेले नाही, त्याची लाज वाटते.

माझे पती बाहेर बाकावर बसले आहेत. भाऊ कसा गेला ते त्यांना माहीत आहे. बटण कोणी दाबले ते माहीत नाही. ते मामांना शिव्या घालत आहेत. घरी मला तोंड उघडता आले नाही.

हा जबाब टंकून झाल्यावर मला वाचून दाखवला. माझ्या विनंतीवरून पतींना आत बोलावून त्यांच्यासमोर तो पहिल्यापासून पुन्हा वाचला. हे सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे का, असे मला विचारण्यात आले. प्रश्न पुरा होईपर्यंत मी थांबले. मग हो म्हटले.