सरकतं जन्मगाव

नदीकाठच्या लिसाला गावाच्या धक्क्यावर आगबोटीने पहिला भोंगा दिला, तेव्हा रांगेत माझ्यापुढे एक बाई होती. पाठीला तान्ही मुलगी बांधलेली. खिडकीत कारकून.

"दाखल्याशिवाय पोर बोटीत चढणार नाही, बाई. जन्मगाव सांगा."

"बोटीवरच जन्मली, साहेब. बाळंतपणाला माहेरी येत होते."

"बोट म्हणजे गाव नव्हे. तेव्हा बोट कुठे होती?"

"वाळूत रुतलेली. नदीत वर, बुम्बा गावाच्या खालच्या अंगाला, अकरा दिवस."

"त्या वाळूचं नाव?"

"नावं सगळ्यांनी ठेवली तिला, नाव कुणीच ठेवलं नाही."

"मग मी काय लिहू? तिथे माणूस पाठवून विचारावं लागेल."

"आता तिथे नाही ती. पुरात सरकली."

"जन्मगाव सरकलं?"

"हो. लिहा ना, साहेब! वरच्या बंदरात हिचा बाप वाट बघतोय. लेकीचं तोंडसुद्धा पाहिलं नाही त्याने अजून."

"अहो, पण सरकून गेलं कुठे?"

"ते काय समोर, बगळे बसलेत तिथे."

"ही वाळू पावसाळ्याआधी इथे नव्हती खरी. पण कशावरून तीच?"

"मी बाळंत झाले तिच्यावर. मी नाही ओळखणार?"

कारकुनाने बगळ्यांकडे पाहिलं आणि टाक उचलला. दुसरा भोंगा झाला.

"म्हणजे मुलगी लिसालाचीच की! आधी नाही का सांगायचं? हा घ्या दाखला."

"देव तुमचं भलं करो, साहेब."

"ते राहू द्या. पळा आधी! गाव पुढे सरकलं तर सगळं खोडावं लागेल मला."