हरणारा घोडा सांगण्याबाबत

दिनांक १६/१०/२०२५, गुरुवार. वेळ दुपारी १.१५.

नाव सिल्वेस्टर बस्त्याव परेरा, वय ७१ वर्षे, धंदा काही नाही (सेवानिवृत्त), राहणार माजिवडा, ठाणे पश्चिम. घरात इतर माणसे : कोणी नाही.

मी आज टिटवाळा येथे पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता आलो असून, विचारल्याप्रमाणे खरे सांगतो की,

मी वरील पत्त्यावर १९८८ सालापासून राहतो. पत्नी कार्मेल २०२१ साली वारली. मुलगी फियोना लग्न करून कॅनडात असते. ती दर रविवारी फोन करून बीपीची गोळी घेतली का ते विचारते. गोळी मी घेतो. त्यामुळे फोन लवकर संपतो.

नोकरीत असताना मी कोलशेत रोडवरील एका कंपनीत स्टोअर सांभाळत होतो. त्याशिवाय १९८१ ते २००८ अशी सत्तावीस वर्षे रेसच्या दिवशी महालक्ष्मीला तिकिटाच्या खिडकीवर बसत होतो. खिडकीवर बसणाऱ्याने स्वतः खेळायचे नाही असा नियम होता, तो मी पाळला. घोडे बघायला कोणाची मनाई नव्हती, ते मी पुष्कळ बघितले. कुठला घोडा पळणार आणि कुठला नुसता मान उडवणार, हे मला कळते असे मी म्हटले तर ती बढाई समजू नये.

कार्मेल गेल्यावर घरात दिवसच्या दिवस आवाज नसायचा. खिडकीवर माझ्या शेजारी बसणारा व्हॅलेंटाईन याने मला जून २०२२ मध्ये एक नंबर दिला. ‘‘सिल्लू, साईनाथ म्हणून पोरगा आहे, फोनवर रेस घेतो. सगळ्या सेंटरची घेतो. लाव थोडे, वेळ जाईल तुझा,’’ असे तो म्हणाला. व्हॅलेंटाईन त्याच वर्षी वारला.

मी साईनाथला फोन करून चार वेळा पैसे लावले. चारही वेळा हरलो. सत्तावीस वर्षे दुसऱ्यांची तिकिटे फाडली, स्वतःचे लावताना भीती वाटते, म्हणून चुकीचा घोडा निवडला जातो असे मला वाटते. पाचव्या वेळी मी फोन केला नाही. तेव्हा सकाळी साडेअकराला त्याचाच फोन आला. तो म्हणाला, ‘‘अंकल, पैसे नको तुमचे. फक्त एक घोडा सांगा. तुमच्या हातची बोहणी करतो, मग लाईन उघडतो.’’

दुकानदार पहिल्या गिऱ्हाइकाच्या नोटेला नमस्कार करतो, तसे काहीतरी असेल असे मी समजलो. त्या दिवसापासून रेस असेल त्या प्रत्येक दिवशी साडेअकराला फोन येऊ लागला. पुणे, मुंबई, बंगलोर, हैदराबाद धरून आठवड्यात चार-पाच दिवस कुठे ना कुठे रेस असतेच. मी पुस्तक न बघताच घोड्याचे नाव सांगायचो, तो बहुतेक हरायचा. मग तो ‘‘जेवण काय केलंत?’’ विचारायचा. मी बोंबील सांगितले की, ‘‘अंकल, एकट्यासाठी एवढा कुटाणा करता? आपण तर रोज डबा,’’ म्हणायचा. टिटवाळ्यात पाण्याची बोंब आहे, एक दिवसाआड येते, गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला चौथ्या मजल्यावर खोली घेतली आहे, लिफ्ट बंद असते, अशा गोष्टी सांगायचा. चार-पाच मिनिटे बोलणे व्हायचे. त्या काळात मी एकही रुपया लावलेला नाही.

जानेवारी २०२३ मध्ये एका सकाळी मी घोडा सांगितल्यावर साईनाथने फोन नीट बंद केला नाही. मागून दुसरा कोणी म्हणाला, ‘‘पनवती काय बोलला?’’ साईनाथने मी सांगितलेले नाव घेतले आणि म्हणाला, ‘‘याच्यावर भाव वाढव, येईल तेवढं घे. हा येत नाय आता.’’ मी फोन कानाला लावून उभा राहिलो. पनवती म्हणजे मी, आणि मी सांगेन तो घोडा हरतो म्हणून त्याच्यावर लोकांनी लावलेले पैसे त्यांनाच राहतात, हे समजायला मला थोडा वेळ लागला. मला फार वाईट वाटले. दुपारचे जेवण मी केले नाही.

मलाही राग येतो. दुसऱ्या दिवशी मी पूर्ण सकाळ रेसचे पुस्तक घेऊन बसलो आणि त्याला ‘कॉपर बेल’ हे नाव दिले. ती घोडी चार लांबीने जिंकली. साईनाथने माझ्या भरवशावर तिच्यावर पुष्कळ घेतले असणार, म्हणजे त्याला चांगलाच फटका बसला असणार. त्या दिवशी मला बरे वाटले. एक दिवस बरे वाटले.

नंतर नऊ दिवस फोन आला नाही. पाचव्या दिवशी मी घरच्या लँडलाईनवरून स्वतःच्या मोबाईलला फोन लावून बघितला. तो वाजला. फोनमध्ये बिघाड नव्हता.

दहाव्या दिवशी साडेअकराला साईनाथ बोलला, ‘‘अंकल, तब्येत बरी ना? एक घोडा सांगा की.’’ मी त्याला हरणारा घोडा सांगितला. चुकून नव्हे, निवडून सांगितला. तेव्हापासून मी हेच करत आलो.

या ठिकाणी उपनिरीक्षक रसिका भोईर मॅडम यांनी मला थांबवून सांगितले की, ‘‘काका, हे लिहिलं तर तुम्ही त्याला धंद्यात मदत करत होता असा अर्थ निघेल. तुम्हाला काही माहीत नव्हतं, त्याने तुमचा वापर केला, एवढंच लिहू या का? तुम्ही सुटाल.’’ मी नको म्हणालो. साईनाथने मला फसवले असे कुठेही लिहू नये. फसवले असेल तर मी त्याला फसवले आहे. तो मला पनवती समजत होता आणि मी नव्हतो.

कामाची पद्धत विचारल्यावरून सांगतो. हरणारा घोडा कोणीही सांगेल असे लोकांना वाटते. लंगडे घोडे खूप असतात, पण त्यांच्यावर कोणी पैसे लावत नाही, त्यामुळे बुकीला ते नाव निरुपयोगी. त्याला हवा असतो सगळ्यांचा लाडका घोडा, ज्याच्यावर माणसे तुटून पडतील आणि जो तरीही येणार नाही. तो ओळखणे जिंकणारा ओळखण्यापेक्षा अवघड आहे. मागच्या रेसला त्याच्यावर वजन किती होते, आता किती चढवले, लांब पल्ल्याला त्याचा दम पुरतो का, जॉकी बदलला का, हे सगळे बघावे लागते. मी आदल्या दिवशी ठाणे स्टेशनबाहेरून पुस्तक आणतो आणि सकाळी सातपासून अकरापर्यंत त्यावर बसतो. पावणेतीन वर्षांत मी दिलेला घोडा फक्त अकरा वेळा जिंकला. त्या अकरा वेळा मी दिवसभर घाबरलेला असायचो की उद्या फोन येणार नाही.

शेवटचा फोन शनिवार दिनांक ११/१०/२०२५ रोजी आला. रविवारी पुण्याची रेस होती. माझ्याकडे घोड्याचे नाव तयार होते. साडेअकराला फोन आला नाही. मी लावला तर बंद. तो घोडा पाचवा आला, मी सांगितले असते तसाच. सांगायला कोणी नव्हते. सोमवार, मंगळवार, बुधवार मी सारखा फोन लावत होतो.

म्हणून आज सकाळी मी टिटवाळ्याला आलो. गाडीतून १०.४० ला उतरलो. स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना ‘रेस घेणारा साईनाथ कुठे राहतो’ असे विचारले. एक जण हसला. दुसरा म्हणाला, ‘‘अंकल, असं नाव घेत फिरू नका इथे. जा, पोलिसांना विचारा.’’ तो टोमणा होता हे मला नंतर समजले, पण सल्ला बरोबर वाटला म्हणून मी इथे आलो आणि माणूस हरवल्याची तक्रार घ्या म्हणालो.

हवालदारांनी माहिती विचारली. आडनाव, वय, उंची, वर्ण, बांधा, अंगावरील कपडे यांपैकी मला काहीही सांगता आले नाही. मी त्याला कधी पाहिलेले नाही. आवाज घोगरा, हसण्याआधी खोकतो, एवढे मी सांगितले. हवालदारांनी पेन खाली ठेवला आणि मॅडमना बोलावून आणले.

मॅडमनी सांगितले की असा इसम रविवारी सकाळी ११.२० वाजता छापा टाकून ताब्यात घेतला आहे, सोबतची दोन माणसे पळून गेली, आणि रेसच्या प्रत्येक दिवशी साडेअकराला लागणारा माझा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये असल्याने मला बोलावण्यात येणारच होते. त्यांनी मोबाईलमधील एक रेकॉर्डिंग मला ऐकवले. त्यात आवाज आहे, ‘‘आधी पनवतीला फोन लाव, मग बाकीच्यांचे घे.’’ हा आवाज साईनाथचा आहे, मी ओळखतो. मला धक्का बसेल असे वाटून मॅडमनी पाणी मागवले. मी पाणी घेतले. तहान लागली होती.

मी विचारले, एवढ्या गुन्ह्याला जामीन मिळत नाही का. मॅडम म्हणाल्या, ‘‘मिळतो. पण जामीन राहायला कोणी आलंच नाही. म्हणून तो आधारवाडी जेलला आहे.’’ मी म्हणालो, घरचे कोणी असेल, त्यांना कळवले नाही का. त्यांनी नोंदवही काढली. अटक झाल्यावर कोणाला तरी कळवावे लागते. साईनाथने घरचे कोणी नाही असे सांगितले होते. मोबाईल जप्त केल्यामुळे त्याला कुठलाच नंबर बघता येत नव्हता. एक नंबर त्याने तोंडपाठ सांगितला होता. वहीत तो नंबर माझा आहे. पुढे लिहिले आहे : तीन वेळा फोन केला, घेतला नाही.

मी माझा मोबाईल काढून बघितला. रविवारी १२.०५, १२.२० आणि १२.४० ला इथल्या लँडलाईनवरून तीन फोन आलेले आहेत. मला ते आठवतात. अनोळखी नंबर बघून मी तिन्ही वेळा कट केले. साईनाथचा फोन येईल, तेव्हा लाईन मोकळी असावी म्हणून कट केले. हे सांगताना मला रडू आले. हवालदारांनी लिहिणे थांबवले होते, हेही लिहा असे मी त्यांना सांगितले.

तिसऱ्या वेळी साईनाथ शेजारी उभा होता असे हवालदार म्हणतात. तो त्यांना म्हणाला, ‘‘राहू द्या साहेब, परत लावू नका. जेवून झोपले असतील, म्हातारा माणूस आहे.’’

माझ्या नावावर माजिवड्याचे घर आहे. मी साईनाथला जामीन राहायला तयार आहे. कागदपत्रे घेऊन उद्या सकाळी कल्याण कोर्टात हजर होतो.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे, तक्रार नाही. फक्त वरील एका ठिकाणी दुरुस्ती सांगितली ती अशी की, मी झोपलो नव्हतो. फोन माझ्या हातात होता. हे साईनाथला कळवावे.

समक्ष सही,
सिल्वेस्टर बस्त्याव परेरा