औषध न पाहिलेल्या अळ्या

मी कळव्याची, खाडीकाठच्या कोळ्यांची पोर. बापाची होडी होती, आई मासळी विकायची, मीसुद्धा लग्नाआधी टोपली घेऊन फिरलेली, आणि आज कोणी विचारलं काय करतेस, तर मी सांगते अळ्या पाळते. लोक हसतात, हसू देत. कापसाच्या बोंडात शिरते ना ती अळी, ती मी ठाण्याच्या लॅबमध्ये पाळते, पंचवीस वर्षं झाली, आणि काय सांगू तुम्हाला, कापसाचं शेत मी अजून डोळ्यांनी बघितलेलं नाही.

लागली होती झाडूपोछ्याला. तिथल्या मोठ्या मॅडमनी माझा हात बघितला, कोळंबी सोलून सोलून हलका झालेला हात, बोलल्या ब्रशनं अळी उचलशील का, तिला इजा नाही झाली पाहिजे. उचलली. तेव्हापासून झाडू सुटला तो सुटलाच. त्यांच्या खाण्याला चण्याच्या पिठाची वडी शिजवायची, एकेका कपात एकेक अळी ठेवायची, कारण दोघींना एकत्र ठेवलं की एक दुसरीला खाते, सख्खी बहीण असली तरी खाते. मग त्यांचे पतंग होतात, त्यांना मधाचं पाणी द्यायचं, कापसाच्या बोळ्यावर. कापसाशी माझा संबंध तो एवढाच.

आता नीट ऐका, यातच सगळं आहे. माझ्याकडे अळ्या दोन खोल्यांत. एका खोलीत शेतातून आणलेल्या, फवारे खाऊन जगलेल्या. फवाऱ्यात कच्च्या मरतात, पक्क्या वाचतात, त्यांचीच पोरं पुढे येतात आणि मग तेच औषध मारलं तरी मरत नाहीत. दुसऱ्या खोलीत माझ्या साध्या. त्यांच्या आजी-पणजीनंसुद्धा औषध बघितलेलं नाही. नवीन औषध आलं की दोघींना देऊन बघतात. साध्या मेल्या म्हणजे औषध चांगलं, आणि तरी शेतातल्या जगल्या म्हणजे शेतकऱ्याचा फवारा फुकट. म्हणून साध्या साध्याच राहिल्या पाहिजेत.

एकदा चुकलेली मी, लपवत नाही. सुरुवातीची गोष्ट, घरात डासांची कॉइल लावलेली, सकाळी उरलेला तुकडा आणि राख हातानं गोळा केली, हात नुसते पदराला पुसले आणि तशीच जाऊन वडी कापली. नुकत्या जन्मलेल्या, केसाएवढ्या अळ्या, ट्रेच्या ट्रे मेल्या. मॅडम ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. त्या दिवसापासून आमच्या घरात कॉइल नाही. खाडीकाठचे डास तुम्हाला माहीत नसतील, आमचे हे रोज बडबडतात, बायकोनं अळ्यांसाठी नवरा डासांना वाढलाय. मी बोलली मच्छरदाणीत झोपा. आमच्या घरात देवाचं सोवळं कधी पाळलं नाही, मासळीचं घर ते, पण अळ्यांचं पाळते. सकाळी आंघोळ करून आधी साध्यांच्या खोलीत, मग शेतातल्यांच्या. उलटं कधीच नाही.

तर मॅडम रिटायर झाल्या, नवे सर आले. नवीन औषध होतं, विदर्भातनं अळ्या आलेल्या, सगळ्यांना वाटत होतं आता जिंकलो. चार दिवसांनी कप उघडले तर शेतातल्या बऱ्याचशा जिवंत, ब्रश लावला की वळवळतात. सर बोलले मावशी, औषधाचे आणि बिनऔषधाचे कप अदलाबदल केलेत तुम्ही, तुमचं वय झालं. सगळ्यांसमोर बोलले. माझं डोकंच फिरलं. मी बोलली सर, मी हात लावत नाही, तुम्ही स्वतः करा, चाव्या ह्या घ्या, माझी चूक निघाली तर उद्यापासून येत नाही.

पुढच्या पिढीवर सरांनी स्वतः औषध टाकलं, मी दाराबाहेर स्टुलावर बसून. चौथ्या दिवशी मला आत बोलावलं. शेतातल्या जगलेल्या. आणि माझ्या साध्या, ओळीनं, एकूण एक मेलेल्या. सर बोलले मावशी, चुकलं माझं, आणि रिपोर्ट तसाच खरा खरा लिहिला, की जुन्या फवाऱ्यांनी पक्क्या झालेल्या अळ्या यालाही दाद देत नाहीत, हे औषध तिथे चालणार नाही. मी खूश व्हायला पाहिजे होतं ना, झालीच, छाती वर करून घरी गेली. पण निघताना ते कप धुवायला घेतले आणि रडायला आलं हो. मी जपलेल्या म्हणून त्या मेल्या, आणि त्या मेल्या म्हणून मी खरी ठरली.

आता पुढच्या वर्षी रिटायर होईन. यांनी कॉइलचा डबा आत्ताच आणून कपाटावर ठेवलाय. माझं काही मागणं नाही, ज्याच्या शेतात अळी पडेल त्याला खरं औषध मिळू दे, बस.

साध्या बघायच्यात तुम्हाला? या ना. पण आधी सांगा, अंगाला सेंट-बिंट काही लावलंय? लावलंय? मग इथूनच बघा, काचेतून.