डावा खांदा

बाबा : सांग तुझ्या आईला, गिऱ्हाईक संध्याकाळी परत येतंय. आणि विचार, त्याचा डावा खांदा उतरता आहे हे माप घेताना दिसलं नव्हतं का?

आई : सांग त्यांना, दिसलं होतं. सांगितलंही होतं. ऐकायला कान लागतात.

लेक : बाबा, आई म्हणते...

बाबा : ऐकलं मी. विचार, कधी सांगितलं? स्वप्नात?

लेक : राहू द्या ना. उसवून होईल ना नीट?

बाबा : संध्याकाळच्या आत? आरशासमोर उभा राहिला बिचारा, तर कोट एका बाजूने असा गोळा झालेला, जसं काही आत मांजर बसलंय. उद्या मुलीचं लग्न आहे त्याच्या!

आई : कापडाला कात्री लावायच्या आधी मी हिच्याच तोंडी निरोप दिला होता. डावा खांदा बोटभर खाली घ्या म्हणावं. दिला होतास ना गं?

लेक : मी बाह्या उसवायला घेऊ का?

आई : बाह्या मरू देत. दिला होतास की नाही?

लेक : तू नुसतं तेवढंच म्हणाली नव्हतीस.

आई : मग काय म्हणाले मी?

लेक : ‘खांदा बोटभर खाली घ्या म्हणावं, आणि या वेळी तरी डोकं ठिकाणावर ठेवा, नाहीतर संसारासारखी कोटाचीही वाट लावाल.’

बाबा : असं म्हणाली?

लेक : हे कसं सांगायचं मी? आदल्या रात्रीच तुम्ही कपाटाचं दार मोडलं होतंत. म्हटलं, जरा निवळलं की नुसता खांदा सांगू. मग तुमचं पुन्हा सुरू झालं. मग राहिलंच.

बाबा : पण तू आली होतीस माझ्याकडे. मला आठवतंय. ‘आई म्हणते, कापड झकास निवडलंत.’

आई : झकास? हा शब्द माझ्या तोंडून जन्मात ऐकलाय का तुम्ही?

बाबा : मला वाटलं, बदललीस.

आई : आणि मग ते? ‘बाबा म्हणतात, मान दुखत असेल तर पड जरा, बटणांची काजं मी करतो’?

बाबा : काजं केली मी. पण मला ही म्हणाली, आईने विनंती केलीय.

आई : विनंती! मी!

लेक : झाली ना पण काजं? तूही झोपलीस तासभर.

बाबा : कधीपासून चाललंय हे?

लेक : तुम्ही भांडणाशिवाय एकमेकांशी बोलणं टाकलंत तेव्हापासून. आधी मी फक्त टोमणे गाळायचे, चहा गाळतात तसे. मग गाळून खाली काही उरायचंच नाही. रिकामं काय सांगणार? म्हणून थोडं थोडं पदरचं घालायला लागले.

बाबा : आणि मी जगाला सांगत सुटलो, पोरीला धंद्याची आवड आहे, कॉलेज सुटलं की धावत दुकानात येते.

लेक : मी नसताना तुम्हाला काही बोलायचं झालं तर? वर्गात बसते, पण सर काय विचारतात ते डोक्यात शिरतच नाही. सगळ्या सहलीला गेल्या, मी म्हटलं पोट दुखतंय.

आई : अगं, खरंच दुखत होतं ना? मी शेकायला पिशवी दिली होती.

लेक : खरंच दुखत होतं. रोजच दुखतं. रात्री तुमचे आवाज आले की झोप लागत नाही. आणि थांबले की वाटतं, का थांबले?

बाबा : मग बोलायचं नाही का आमच्याशी?

लेक : कुणाशी? आई म्हणाली असती, तुझ्या बाबांमुळे. तुम्ही म्हणाला असता, तुझ्या आईमुळे. माझं पोटसुद्धा एकमेकांना फेकून मारलं असतंत.

आई : ये इकडे. ये माझ्याजवळ.

लेक : नको. मला जवळ घेशील आणि बाबांकडे बघशील. जिंकल्यासारखं.



बाबा : कोटाचं मी बघतो. तुला कुणी काही बोलत नाहीये.

लेक : कोटाचं नाही हो बाबा! मी घातलेलं सगळं काढून टाकलं तर तुमच्यात उरतं काय? आता वेगळे होणार ना तुम्ही?

आई : माहीत नाही गं. खोटं कशाला सांगू?

लेक : बाबा?

बाबा : मलाही नाही माहीत.

लेक : बरं. मी वर जाते. यापुढे कुणाचा निरोप कुणाला देणार नाही. भांडायचं असेल तर भांडा. पण आपापल्या तोंडाने.

(जिना वाजतो. वरचं दार लागतं. बाबा कोट टेबलावर पसरतात.)

बाबा : खांद्याची शिवण उसवून डावीकडे बोटभर दाबली, तर बसेल. बाही मात्र पुन्हा लावावी लागेल.

आई : कुणाला सांगताय?

बाबा : तुलाच.

आई : मग इकडे येऊन सांगा. एवढ्या लांबून मला कळत नाही.