बापाची निवड

अरे, माझ्या चौदा वर्षांच्या घोड्याएवढ्या पोराला रग्बीच्या क्लबने नाकारलं, तेही माझ्यामुळे! सौदीतल्या अबकैकहून त्याला दम्मामला घेऊन गेलो होतो. परदेशातल्या व्यावसायिक क्लबचा कोच पोरं निवडायला आला होता. पोरगा झकास खेळला, तरी कोच म्हणाला, "नाही."

मी हादरलोच. "का?"

"त्याची बॅग कोणी आणली?"

"मी."

"बुटांच्या नाड्या?"

"मीच बांधल्या."

"आणि 'बाबा, वॉटर!' म्हटल्यावर मैदानात कोण धावलं?"

मी हातातली पाण्याची बाटली पाठीमागे लपवली.

"मग त्याला आम्ही काय घडवायचं? तयारी सगळी तुमचीच झालीय. इथल्या चाळिशीपुढच्यांच्या टीमला एक माणूस हवाय. येता?"

येत्या शुक्रवारी पहिली मॅच आहे. बॅग पोरगा उचलणार आहे. माझी!